सर्पगंधेचे मूळ : रानातील औषधी वनस्पतींची तोड व निर्यात यांचे नियमन

(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान, वरच्या इयत्तांसाठी)

प्राथमिक शाळेत औषधी वनस्पतींचा पाठ शिकविताना बहुधा तुळस, अडुळसा, कोरफड, गुळवेल अशी नावे सांगितली जातात व प्रत्येकीचा गुण पाठ करून घेतला जातो. खोकल्यावर अडुळसा, भाजल्यावर कोरफड, एवढे मुलांस आले की पाठ संपतो. परंतु औषधाच्या कारखान्यात जाणारा माल येतो कोठून, तो कोण खणतो, कोणाच्या परवानगीने खणतो आणि खणून नेल्यावर त्या जागी काय उरते, हे प्रश्न पाठात येत नाहीत. तुळस व कोरफड अंगणात लावता येतात. व्यापारात फिरणाऱ्या औषधी वनस्पतींपैकी पुष्कळ मात्र आजही रानातूनच गोळा केल्या जातात. हा विषय मुलांस समजावून देण्यासाठी दहा वनस्पती घेण्यापेक्षा एकच वनस्पती मुळापासून बंदरापर्यंत पाहणे अधिक सोयीचे होय. येथे त्यासाठी सर्पगंधा घेतली आहे.

सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचे लहान झुडूप होय. जुन्या मराठी ग्रंथांतून हिची हरकी, अडकई अशी नावे आढळतात. गावोगाव नाव बदलते, म्हणून नावापेक्षा खुणेवर भर द्यावा. पाने एकेका पेरावर बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात. ती वरून गर्द हिरवी व खालून फिकट असतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, व त्यांचे देठ तांबडे असतात. फळे वाटाण्याएवढी, प्रथम हिरवी व पिकल्यावर जांभळट काळी होतात. सदाफुली, कण्हेर, तगर व चाफा यांच्याच कुलातील ही वनस्पती आहे. सह्याद्रीच्या ओलसर जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत ती वाढते. झुडूप दिसावयास क्षुल्लक, पण मूळ मात्र जमिनीत खोल उतरलेले असते. व सगळी किंमत त्या मुळाची, त्यातही मुळाच्या सालीची आहे.

नावात सर्प असल्यामुळे एक गोष्ट वर्गात प्रथमच स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सर्पदंशावर हे मूळ उतारा म्हणून देण्याची समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. या समजुतीपायी रुग्णालयात नेण्याचा वेळ वाया जातो व माणूस दगावतो. विषारी सर्पाच्या दंशावर प्रतिसर्पविष लस हाच उपाय होय, व ती रुग्णालयातच मिळते. त्याचप्रमाणे रक्तदाबासाठी घरच्या घरी मुळाचे चूर्ण घेणेही धोक्याचे आहे; मात्रा चुकल्यास रक्तदाब फार खाली जातो आणि मनाला खिन्नता येते.

या मुळाचा खरा उपयोग शास्त्रीय रीतीने कसा सिद्ध झाला, ती हकिकत मुलांस सांगण्यासारखी आहे. बिहारात वेडसरपणावर हे मूळ देण्याची जुनी चाल होती. १९३१ साली दिल्ली येथे सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी त्यातील अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोन्हींवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला, आणि या झुडपाकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातून रेसर्पीन हे द्रव्य काढले. डॉ. वकील यांस १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला.

हकिकतीची येथवरची बाजू अभिमानाची आहे, व पुस्तके बहुधा येथेच थांबतात. दुसरी बाजू अशी की, रेसर्पिनाचा शोध लागताच भारतातील रानांतून या मुळाची मागणी एकाएकी वाढली. वैद्याच्या बटव्यासाठी लागणारी दोन-चार मुळे आणि कारखान्यासाठी लागणारी पोतीच्या पोती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १९५६ साली रॉबर्ट वुडवर्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने रेसर्पीन प्रयोगशाळेत बनवून दाखविले; पण ती रीत फार लांबलचक असल्याने मुळाची गरज संपली नाही. कारखान्यांनी आफ्रिकेतील याच प्रजातीच्या दुसऱ्या एका झाडाकडे मोर्चा वळविला, कारण त्यात रेसर्पीन अधिक असते. तरीही भारतीय सर्पगंधेवरील ताण राहिलाच.

आता मुख्य मुद्दा येतो. वनस्पतीचा कोणता भाग नेला जातो, यावर ती टिकणार की नाही हे ठरते. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांत हिरड्याची फळे पिढ्यान्‌पिढ्या गोळा केली जातात. बाळहिरडा वेचला तरी झाड उभेच राहते व पुढील वर्षी पुन्हा फळते. बेहडा, आवळा यांचेही तसेच. साल काढावयाची असेल तर एका बाजूची, पट्ट्यापट्ट्याने काढली तर झाड सावरते. भोवताली कडे काढले तर ते उभ्याउभ्या वाळते. मूळ खणले की सहसा वनस्पतीच संपते. सर्पगंधेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मूळ घेण्याजोगे होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि फळे पिकण्यापूर्वीच झुडूप उपटले तर त्या जागी बीही पडत नाही. बी पडले तरी त्यातील थोडेच रुजते. म्हणजे एका हंगामाच्या घाईची भरपाई होण्यास रानाला कित्येक वर्षे लागतात.

ही गोष्ट अंकगणिताच्या तासाला घ्यावी. केवळ हिशेबापुरते असे धरावे, की एका रानटी झुडपापासून २० ग्रॅम वाळलेले मूळ मिळते. तर एक किलोसाठी ५० झुडपे, व चाळीस किलोच्या एका पोत्यासाठी २,००० झुडपे उपटावी लागतील. नंतर मुलांस विचारावे, की गावच्या रानात ५,००० झुडपे असतील, आणि दरवर्षी त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकीच नवी वाढत असतील, तर वर्षाला किती पोती नेली असता रान रिते होणार नाही. उत्तर एका पोत्याच्याही आत येते. आकडे कल्पित आहेत हे मुलांस सांगावे. पण हिशेबाची रीत खरी आहे. निर्यातीस संमती देण्यापूर्वी शासनाच्या शास्त्रीय यंत्रणेने हाच प्रश्न विचारावा, अशी आंतरराष्ट्रीय कराराची अपेक्षा आहे.

तो करार म्हणजे संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा, इंग्रजी आद्याक्षरांवरून साइट्स म्हणून ओळखला जाणारा करार होय. तो १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला व १९७५ साली अमलात आला. भारत १९७६ पासून त्यात सहभागी आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ज्या जाती आहेत त्यांच्या व्यापारास बंदी नाही, परंतु परवान्यावाचून माल देशाबाहेर जाऊ नये व जेवढा जातो तेवढ्याने जातीस धोका पोहोचू नये, असा नियम आहे. सर्पगंधा १९९० पासून या परिशिष्टात आहे. मात्र येथे एक वाट मोकळी ठेवलेली आहे: किरकोळ विक्रीसाठी वेष्टनात बांधलेले तयार औषध या नियमातून वगळले आहे. मूळ पोत्यात असेल तर परवाना हवा, गोळी होऊन डबीत असेल तर नको. ही सवलत औषधे घेणाऱ्यांच्या दृष्टीने रास्त आहे. पण रानातील झुडपाला आपले मूळ पोत्यात गेले की डबीत, याचा काय फरक पडणार?

भारताचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. परदेशी व्यापार खात्याने १९९८ साली काढलेल्या सूचनेत २९ जाती व गट नमूद करून, रानातून काढलेल्या त्यांच्या मालाची निर्यात निषिद्ध ठरविली. सर्पगंधा, हिमालयातील कुठ, जटामांसी, कुटकी, काडेचिराईत, बचनाग यांच्या बरोबरीने महाराष्ट्राच्या कडेकपारीत वाढणारी शिंदळ माकुडीही त्या यादीत आहे. लागवड केलेल्या मालास मात्र, लागवडीचा दाखला असल्यास, वाट ठेवली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तीत साइट्सच्या यादीतील जातींसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. हे झाले बंदरावरचे पहारे.

बंदरावरचा पहारा किती उपयोगी पडतो, याचा विचार वर्गात अवश्य करावा. जकातीच्या वर्गीकरणात औषधी व सुगंधी वनस्पतींना १२११ हा एकच मथळा आहे. मुळे, साली, पाने, बिया सर्व त्याखाली येतात. रानातून निघालेले मूळ प्रथम गावच्या किंवा आठवड्याच्या बाजारातील लहान खरेदीदाराकडे जाते, तेथून जिल्ह्याच्या व्यापाऱ्याकडे, तेथून मुंबई किंवा दिल्लीच्या खारी बावलीसारख्या मोठ्या पेठेत. प्रत्येक टप्प्यावर निरनिराळ्या रानांतील माल एकत्र मिसळतो. शेवटी कुटलेले चूर्ण गोणीत भरून अधिकाऱ्यापुढे आले म्हणजे ते सर्पगंधेचे की तिच्या भाऊबंदांतील दुसऱ्या झुडपाचे, रानातले की शेतातले, हे डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य असते. भेसळही पुष्कळ होते. अमेरिकेतून येऊन आपल्याकडे रुजलेली एक जात सर्पगंधेऐवजी खपविली जाते; तिची पाने चार-चारच्या मंडलात व आकाराने असमान असतात. पण हा भेद ओळखण्यास पान लागते, आणि पान तर रानातच राहिलेले असते.

म्हणून ज्या जागी वनस्पती पानांसह उभी आहे, तेथेच नियमनाला खरा अर्थ येतो. या पातळीवरही कायदे आहेत. भारतीय वन कायदा, १९२७ अन्वये वनोपजाच्या वाहतुकीस परवाना लागतो. अभयारण्यातून व राष्ट्रीय उद्यानातून काहीही काढण्यावर अधिक कडक बंधने आहेत. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये व्यापारी उपयोगासाठी जैविक संपत्ती नेणाऱ्याने राज्य मंडळास आगाऊ कळविले पाहिजे. स्थानिक रहिवासी, वैदू, वैद्य व हकीम यांना या अटीतून मोकळीक आहे. याच कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी व तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, असे ठरविले आहे. व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून समितीस शुल्कही आकारता येते. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट दिली, परंतु तिच्यासाठी उगमाचा दाखला ठेवला.

वनहक्क कायदा, २००६ याने या सर्वांत महत्त्वाची भर घातली. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांना गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क या कायद्याने मान्य केला. आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हक्काबरोबर वन व जैवविविधता राखण्याचे कामही ग्रामसभेकडे आले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ साली तेथील ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे अधिकार आले. बांबू आणि सर्पगंधा यांत फरक आहे. बांबूचे बेट तोडीनंतर पुन्हा फुटते. तथापि तोडीचा नियम जेथे राहणाऱ्यांनीच घातला तेथे तो मोडणारा लगेच ओळखू येतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

यादीवर विसंबल्याने काय होते, याचे जवळचे उदाहरण नरक्या होय. सह्याद्रीतील या लहान झाडास त्याच्या दुर्गंधीवरून हे नाव पडले. काही ठिकाणी त्यास अमृता असेही म्हणतात. कॅम्प्टोथेसीन हे कर्करोगावरील औषधांस उपयोगी पडणारे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून सापडले. १९७२ साली तेच नरक्यात असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखविले. १९९६ साली त्यापासून तयार होणाऱ्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या झाडाला सरपणासाठीही कोणी विचारीत नव्हते, त्याचे खोड व मुळे तुकडे करून ट्रकांनी जाऊ लागली. सिंधुदुर्ग व कोल्हापूरकडील जंगलांतून चोरट्या तोडीची प्रकरणे उघडकीस आली. १९९८ च्या २९ नावांत नरक्या नाही. यादी कालच्या मागणीवरून तयार होते आणि व्यापार आजच्या मागणीमागे धावतो. नरक्याला एवढे बरे, की बुंधा राहिला तर त्यास पुन्हा फूट येते. मुळासकट काढला तर तेही नाही.

हा पाठ देताना शिक्षकांनी एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. डोंगराळ भागातील शाळेत ज्यांचे आईवडील रानातून मुळे, फळे, डिंक आणून विकतात, अशी मुले वर्गात असणारच. मुळे खणणारा तो गुन्हेगार, असा सूर पाठात आला तर त्या मुलांच्या माना खाली जातील आणि पाठ खोटाही ठरेल. गोळा करणाऱ्यास मिळणारा पैसा हा साऱ्या साखळीतील लहानात लहान वाटा असतो, आणि घरात दाणे नसताना फळ पिकेपर्यंत थांबा असे सांगणे सोपे आहे, थांबणे अवघड आहे. उलट, कोणते झुडूप कोठे असते, फळे कधी पिकतात, मूळ कधी भरते, हे त्याच घरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. असा एखादा जाणता गृहस्थ किंवा आजी वर्गात बोलवावी व मुलांनी त्यांस प्रश्न विचारावेत. मूळ घ्यावयाचे झाल्यास फळे गळून गेल्यावर हिवाळ्यात घेणे, मुळाचा काही भाग जमिनीत ठेवणे, लहान झुडपांना हात न लावणे व मोठ्यांपैकीही काही बीसाठी राखणे, या गोष्टी जाणत्यांच्या तोंडून आल्या म्हणजे पुस्तकी उपदेश वाटत नाहीत. अर्थात्‌ जेथे मूळ काढण्यास मनाई आहे तेथे या रीतीनेही ते काढावयाचे नाही, हे सांगण्यास विसरू नये.

शाळेच्या स्वतःच्या चालीकडेही पाहिले पाहिजे. वनस्पतिसंग्रहासाठी किंवा प्रदर्शनासाठी "प्रत्येकाने दहा औषधी वनस्पती मुळांसह आणाव्यात" असे सांगण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. वर्गात चाळीस मुले असली तर चारशे रोपे एका आठवड्यात उपटली जातात, व त्यांपैकी निम्मी वाळून केरात जातात. त्याऐवजी गळलेले पान, फळाचे चित्र, पानावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा एवढ्यावर काम भागते. मुळाचे निरीक्षण करावयाचे असेल तर सदाफुलीचे रोप घ्यावे. ती त्याच कुलातील आहे व कुंपणाशी हवी तितकी उगवते.

गावची जैवविविधता नोंदवही ग्रामपंचायतीत पाहावयास मागावी. काही गावांत ती कसून लिहिलेली आढळते, काही ठिकाणी शेजारच्या गावच्या नोंदीच उतरवलेल्या दिसतात. मुलांनी आपल्या रानात पाहिलेल्या वनस्पती तीत आहेत की नाहीत, हे ताडून पाहणे हा परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ होईल, आणि उणीव आढळल्यास ती समितीस लेखी कळविता येईल. परंतु सर्पगंधेसारख्या वनस्पतीची नेमकी जागा भिंतीवरील नकाशात दाखवू नये. शाळेत परका माणूसही येतो, व नकाशा त्यासही वाचता येतो. "गावच्या रानात आढळते" एवढी नोंद वर्गाला पुरेशी आहे. जागा जाणत्यांच्या व समितीच्या माहितीत राहावी.

शाळेच्या बागेत एक वाफा सर्पगंधेसाठी ठेवता येईल. बी वन विभागाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्यावे, रानातून आणू नये. ते ताजे असावे. पाण्यात टाकून तरंगणारे बी काढून टाकावे, तळाशी बसणारे तेवढे पेरावे. एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात सावलीच्या वाफ्यात पेरणी करावी. उगवण सावकाश व मागेपुढे होते, म्हणून तीन आठवडे काही दिसले नाही तरी वाफा मोडू नये. रोपांना चार-सहा पाने आली व पावसाने जोर धरला, की ती अर्धवट सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी लावावीत. वाफ्याशेजारी एक वही ठेवावी व तीत बी कोठून आणले, किती पेरले, कोणत्या तारखेस, किती उगवले, किती जगली, हे मुलांनी पाळीपाळीने लिहावे. गावातील एखाद्या शेतकऱ्याने पुढे ही लागवड केली, तर लागवडीचा दाखला मागताना त्यास जवळजवळ अशाच नोंदी दाखवाव्या लागतील. वहीचा नमुना त्यास शाळेतून उतरवून नेता येईल.